बोटीचं वायरिंग: दोष तारेत कमी, जोडांत जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊएक मीटरची बोट, १२ व्होल्टची यंत्रणा, दोन बॅटऱ्या. वायरिंग दोनदा बदलून झालं, तरी हवा दमट झाली की दिवे मंद होतात, बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) अधूनमधून दगा देतो, फ्यूज होल्डरवर हिरवा थर चढतो. आता तिसऱ्यांदा काम काढायचं आहे. तर वायर कुठली घ्यावी, जोड सोल्डर करावेत की क्रिम्प (म्हणजे धातूचं टोक तारांवर दाबून बसवणं), आणि घराच्या कामातून उरलेली चांगली तांब्याची वायर वापरली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही चालणार. घरातली वायर भिंतीत एकदा गेली की जागची हलत नाही. बोटीत इंजिन चालू असताना आणि लाटांवर प्रत्येक वायर सतत थरथरत असते. एकसंध किंवा मोजक्या जाड तारांची वायर अशा हालचालीने स्क्रूपाशी थकते आणि इन्सुलेशनच्या आतल्या आत तुटते. बाहेरून ती धडधाकट दिसते, म्हणून शोधायला दिवस जातो. बोटीसाठी बारीक केसांसारख्या पुष्कळ तारांची, प्रत्येक तारेवर कथलाचा मुलामा असलेली, म्हणजे टिन्ड मरीन केबल घ्यायची. मुलामा नसला की खारट ओल तारांच्या मधल्या फटींतून आत ओढली जाते. टोकापासून वीतभर इन्सुलेशन सोलून बघा, तांबं काळं पडलेलं दिसेल. त्या काळ्या तांब्यावर नवा लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) कितीही दाबून बसवला तरी तो पकड घेत नाही. टोक कापत कापत मागे जायचं आणि स्वच्छ तांबं लागेपर्यंत वायर आखूड होत राहणार.

पण खरं सांगायचं तर तुमच्या दुखण्याचं मूळ वायरीत असेल असं मला वाटत नाही. वायर खराब होती म्हणून त्रास होता, तर दुसऱ्यांदा बदलल्यावर तो थांबायला हवा होता. वायर मधेच सहसा मरत नाही. मरतात ती तिची टोकं: लग, स्पेड कनेक्टर (सरकवून बसवायचा चपटा जोड), फ्यूज होल्डर, बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी), स्विचमागचे स्क्रू, आणि बिल्जमध्ये टेप गुंडाळून सोडून दिलेला पंपाचा जोड. तिसऱ्यांदा काम करताना पैसा आणि वेळ कुठे घालायचा हे यावरून ठरवा. मधल्या वायरीला एकही जोड न देता ती सलग ओढा, आणि जे जोड टाळता येणार नाहीत ते कोरड्या, हात पोचेल अशा जागी आणा.

काहीही उपटण्याआधी मोजमाप करा. इथे बहुतेकांची एक गल्लत होते. मल्टिमीटर बीपवर लावतात, वायरीच्या दोन टोकांना टेकवतात, बीप वाजला की वायर ठीक म्हणून सोडून देतात. पन्नास तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बीप वाजतो. मीटर त्या वायरीतून नगण्य करंट सोडतो, आणि तेवढा करंट त्या एका तारेलाही झेपतो. वायरीची खरी परीक्षा पंप चालू असतानाच होते.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. पंप चालू करा. लाल टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, खांबाच्या शिशावरच, लगवर नाही. काळं टोक पंपाच्या प्लस वायरीवर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. मग हेच मायनसच्या बाजूने करा: एक टोक पंपाच्या मायनसवर, दुसरं बॅटरीच्या मायनस खांबावर. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे त्या लाइनचा एकूण ड्रॉप. आकडा मोठा आला तर मीटरचं टोक एकेक जोड अलीकडे सरकवत या. ज्या जोडापाशी आकडा एकदम पडतो तोच गुन्हेगार. फ्यूज होल्डरच्या अलीकडे-पलीकडे पाव-अर्धा व्होल्ट मिळाला तर नवल वाटून घेऊ नका. आणि मायनसची बाजू विसरू नका. प्लसच्या बाजूला फ्यूज, स्विच, पॅनेल असतं म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. मायनसच्या वायरी कुठेतरी एका स्क्रूवर गोळा करून टाकलेल्या असतात, आणि निम्मे दोष तिथेच सापडतात.

एवढ्याशा रोधाने काय होतं ते बघा. इंजिनच्या स्टार्टरच्या किंवा नांगर ओढणाऱ्या विंडलासच्या लाइनवर एका जोडात ०.०१ ओहम रोध आला, आणि करंट १०० अँपिअर असला, तर त्या जोडात एक व्होल्ट जातो आणि १०० वॅट उष्णता तयार होते. एका बोल्टवर १०० वॅट! प्लास्टिक वितळतं, तापलेलं धातू आणखी काळवंडतं, रोध आणखी वाढतो. बोटीतल्या बऱ्याच आगींची सुरुवात अशा ढिल्या जोडात होते, आणि फ्यूज त्यात काहीच करू शकत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

व्हीएचएफ रेडिओवरून (बोटीवरून संपर्क साधायच्या रेडिओवरून) हे फार छान कळतं. ऐकताना तो अगदी थोडा करंट घेतो. २५ वॅटवर बोलायला बटण दाबलं की पाच-सहा अँपिअरवर जातो. जोड खराब असेल तर रेडिओवर सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि तुम्ही बोलायला गेलात की तो बंद पडतो. लोक रेडिओ दुरुस्तीला पाठवतात. रेडिओ ठणठणीत असतो.

आता वायरीची जाडी. करंट किती झेपतो एवढंच बघून वायर निवडली की १२ व्होल्टवर फसगत होते. इथे जाडी ठरवतो तो व्होल्टेज ड्रॉप. हिशेब सोपा आहे: करंट गुणिले एकूण लांबी गुणिले ०.०१७५, भागिले वायरीचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. लांबी जाऊन-येऊन धरायची. पंप बॅटरीपासून सहा मीटरवर असेल तर वायर बारा मीटर. समजा पंप पाच अँपिअर घेतो. दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) वायर घातली तर ०.७ व्होल्ट जातात, अडीच एमएमची घातली तर ०.४२, चार एमएमची घातली तर ०.२६. करंटच्या दृष्टीने दीड एमएमची वायर पाच अँपिअर हसत झेलेल, पण पंपाच्या वाट्याला जवळजवळ सहा टक्के व्होल्ट कमी येतील. सेंट्रिफ्यूगल पंपाचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून वेग थोडा कमी झाला तरी पाणी चढण्याची उंची बरीच घटते. पंप फिरतोय, आवाज येतोय आणि बाहेर मात्र धार नाही, याचं एक कारण हे.

अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ मानकात दोन मर्यादा आहेत. नॅव्हिगेशनचे दिवे, इलेक्ट्रॉनिक्स, बिल्ज ब्लोअर (बोटीच्या तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा), पॅनेलची मुख्य वायर यांसाठी तीन टक्के, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट. केबिनमधल्या दिव्यांसारख्या बिनमहत्त्वाच्या गोष्टींसाठी दहा टक्के. पंप मी नेहमी तीन टक्क्यांतच बसवतो. वर काढलेल्या हिशेबात त्यासाठी चार एमएमची वायर लागते. दिव्यांचं म्हणाल तर जुन्या फिलामेंटच्या बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बारा मीटरपेक्षा लहान बोटीचे बाजूचे दिवे एका सागरी मैलावरून आणि मागचा दिवा दोन मैलांवरून दिसायला हवेत. मंद दिव्याने ते साधत नाही. एलईडी दिवे घातले की करंटच इतका कमी होतो की हा प्रश्न बराचसा मिटतो. तुमचे दिवे अजून बल्बचे असतील तर वायर जाड करण्याआधी ते बदला.

सोल्डर की क्रिम्प यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. माझं मत: क्रिम्प. सोल्डर वितळून तारांमध्ये चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर एकदम ताठ ते लवचीक अशी बदलते. थरथरीत वायर नेमकी तिथेच तुटते. शिवाय जोड फार तापला तर सोल्डर सैल होतं. त्याच मानकात म्हटलंय की सोल्डर हा जोडाचा एकमेव यांत्रिक आधार असता कामा नये. मात्र क्रिम्प म्हणजे पकडीने चेपणं नव्हे. रॅचेट असलेलं क्रिम्पिंग टूल लागतं, जे पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडतच नाही. मोठ्या केबलींच्या लगसाठी हेक्स डायचं टूल, हातोडीने ठोकायचं नाही. टूल नवं असेल तर एक लग बळी द्या. क्रिम्प करा, लोखंड कापायच्या करवतीने मधोमध आडवा कापा, काप कानसीने गुळगुळीत करा आणि उजेडात बघा. चांगल्या क्रिम्पमध्ये तारा एकमेकींत दबून एकच भरीव षटकोन दिसतो. तारा सुट्या सुट्या गोल दिसत असतील, मधे काळ्या फटी असतील, तर डाय चुकीची आहे किंवा लग मोठा आहे. असा क्रिम्प ओढून कदाचित निघणार नाही, पण त्या फटींतून ओल जाईल.

क्रिम्पवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आकसणारी) चढवायची. तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक कडा बाहेर आलेला दिसला की जोड बंद झाला असं समजा. इन्सुलेशन टेप बोटीत जोड झाकायला वापरू नये. तो पाणी बाहेर ठेवत नाही, आत धरून ठेवतो. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जोडांवर अजिबात चोपडू नका. ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि तेच तांबं खातं. तुमच्या फ्यूज होल्डरवरचा हिरवा थर पूर्वीच्या कोणीतरी ‘वॉटरप्रूफ’ करायला लावलेल्या सिलिकॉनखाली तर नाही ना, हे बघून घ्या.

लग गोल डोळ्याचेच घ्या, दुपाखी नको. नट थोडा सैल झाला तरी गोल लग खांबावरून निसटत नाही. एका खांबावर चारपेक्षा जास्त लग नकोत, आणि सगळ्यात जास्त करंटचा लग सगळ्यात खाली. वायसरची जागा हा एक बारीक मुद्दा आहे, पण त्याने पुष्कळ घोटाळे होतात. लग थेट टर्मिनलच्या तांब्यावर किंवा शिशावर बसला पाहिजे. त्यावर साधा वायसर, त्यावर स्प्रिंग वायसर, मग नट. कोणीतरी व्यवस्थितपणा म्हणून लगच्या खाली स्टेनलेसचा वायसर घालतं. स्टेनलेसचा रोध तांब्याच्या सुमारे चाळीसपट असतो, म्हणजे सगळा करंट त्या चकतीतून जायला लावल्यासारखं होतं. बॅटरीवर हाताने फिरवायचे विंग नट असतील तर काढून टाका. ते हाताने कधीच पुरेसे आवळले जात नाहीत.

फ्यूजबद्दल एकच गोष्ट पक्की धरा: तो उपकरणाला नाही, वायरीला वाचवायला असतो. म्हणून तो उगमापाशी हवा. मानकाप्रमाणे बॅटरीपासून किंवा बसबारपासून साधारण १८ सेंटिमीटरच्या आत. वायर नळीतून किंवा आवरणातून नेली असेल तर अंतरात थोडी सवलत मिळते, आणि इंजिन स्टार्टरच्या केबलला सूट आहे. पॅनेलमध्ये फ्यूज आहेत म्हणून बॅटरी ते पॅनेल ही जाड केबल बिनफ्यूजची सोडलेली मी वारंवार बघतो. ती केबल कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला अडवणारं काहीच नाही. पुढेमागे लिथियम बॅटरी बसवणार असाल तर मुख्य फ्यूज क्लास टी प्रकारचा घ्या. शॉर्ट झाल्यावर या बॅटऱ्या हजारो अँपिअर सोडतात, आणि साधा फ्यूज वितळला तरी आतल्या ठिणगीतून करंट चालूच राहू शकतो. क्लास टी फ्यूज वीस हजार अँपिअरपर्यंत तोडतो. लिथियमबरोबर अल्टरनेटरचाही विचार करावा लागतो, पण तो वेगळा विषय आहे.

बिल्ज पंपाची लाइन सगळ्यांपेक्षा वेगळी ठेवा. ऑटोमॅटिक फ्लोट स्विचची (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणाऱ्या स्विचची) वायर मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून. म्हणजे बोट बंद करून घरी गेलात तरी पंप जागा राहील. फ्यूजचा आकडा पंपावर किंवा त्याच्या कागदावर छापलेला असतो, तोच घाला. ‘सारखा उडतो म्हणून’ मोठा घातला आणि कचरा अडकून पंपाचं पातं जाम झालं, तर फ्यूज उडत नाही आणि मोटर जळते. पंपाबरोबर आलेली वायर बहुधा आखूड असते. तिचा जोड बिल्जच्या तळाशी येतो, आणि तिथेच तुमचा पंप दगा देत असणार. ती वायर सरळ वर न्या, पाणी कधीच पोचणार नाही अशा उंचीवर हीट श्रिंकचा बट कनेक्टर (दोन वायरी टोकाला टोक जोडणारी नळी) लावा, आणि जोडाच्या आधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून टपकेल, जोडात शिरणार नाही.

हा जोड पाण्यात राहिला तर पंप बंद पडण्यापेक्षाही मोठं नुकसान होऊ शकतं. प्लसचा उघडा भाग बिल्जच्या खाऱ्या पाण्याला लागला की तिथून करंट गळतो आणि बोटीच्या धातूंमधून, म्हणजे सीकॉक (बोटीच्या तळातल्या भोकांवरचे नळ), शाफ्ट, प्रोपेलर यांतून वाट काढतो. दोन वेगळ्या धातूंमुळे होणारी साधी झीज महिनोन्‌महिने चालते, झिंकचा ॲनोड (इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) तिला पुरतो. गळका करंट सीकॉकला काही दिवसांत भोक पाडू शकतो, आणि ॲनोड त्याच्यापुढे टिकत नाही. तपासायचं असेल तर सगळं बंद करा, बॅटरीची प्लस केबल काढा, आणि खांब व केबल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा. रेडिओची मेमरी वगैरे वजा जाऊन काही करंट वाहताना दिसला तर एकेक फ्यूज काढत शोधा.

वायर ओढताना दर पंचेचाळीस सेंटिमीटरला आधार द्या, लाकडातून किंवा फायबरमधून भोक पाडून नेताना रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घाला, आणि इंजिनच्या एक्झॉस्टपासून लांब ठेवा. इंजिनच्या खोलीत १०५ अंश सेल्सिअसची, तेल सोसणारी केबल. होकायंत्राजवळून जाणाऱ्या प्लस-मायनस वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, नाहीतर दिवा लावला की सुई हलते. प्रत्येक नळीत एक रिकामी दोरी ओढून ठेवा, पुढची वायर ओढताना ती लागतेच. आणि दोन्ही टोकांना लेबलं. मायनससाठी पिवळी वायर मिळाली तर काळीपेक्षा ती बरी, कारण काही देशांच्या पद्धतीत काळी वायर एसीची जिवंत वायर असते, आणि एकाच बोटीत दोन्ही आल्या की कोणाचा तरी हात चुकतो.

तुम्ही विचारलं नाही, पण धक्क्यावरची वीज घेत असाल तर ते काम स्वतः करू नका, मरीन वायरिंग जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. १२ व्होल्टवर चूक झाली तर आग लागते. एसीवर चूक झाली तर बोटीशेजारी पोहणारा माणूस मरतो. गोड्या पाण्यात तर जास्तच, कारण माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा चांगलं वाहक असतं आणि पाण्यात पसरलेला करंट त्याच्यातून जातो. काही मिलिअँपिअरही स्नायू आखडायला पुरतात. माणूस ओरडू शकत नाही, बुडतो, आणि अंगावर खूण राहत नाही. म्हणून शोअर पॉवरच्या, म्हणजे धक्क्यावरच्या विजेच्या, सुरुवातीलाच ३० मिलिअँपिअरवर, १०० मिलिसेकंदांत तुटणारा गळती-संरक्षक ब्रेकर हवा, आणि एसीची अर्थिंग वायर बोटीच्या डीसी मायनसला एकाच ठिकाणी जोडलेली हवी. अर्थिंगमुळे ॲनोड लवकर खपतात म्हणून ती वायर कापून टाकणारे महाभाग आहेत. त्यावर उपाय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (ॲनोड खाणारा बारीक करंट अडवणारं, पण अर्थिंग चालू ठेवणारं उपकरण) आहे, कात्री नव्हे.

कामाचा क्रम मी असा लावीन. आधी पंपाची लाइन मोजा आणि तिचा खालचा जोड वर आणा. मग बॅटरीचे खांब, मुख्य फ्यूज आणि मायनस बसबार. त्यानंतर पुन्हा सगळ्या लाइनी चालू करून ड्रॉप मोजा आणि आकडे वहीत लिहा. माझा अंदाज आहे की एवढ्यावर निम्म्याहून अधिक वायरी तशाच ठेवता येतील. ज्यांचं टोक सोलल्यावर तांबं काळं निघेल त्याच बदला, आणि पुढच्या हंगामाआधी तेच आकडे परत मोजून वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा.